चुकवलेल्या ठोशाला गुण नसतो

सर,

माझा मुलगा अठरा वर्षांचा आहे. 60 किलो वजनगटात बॉक्सिंग खेळतो, डावखुरा आहे. सातवीपासून आमच्या गावातल्या व्यायामशाळेत जातो. जिल्हा आणि विभाग तो जिंकतो, पण राज्य स्पर्धेत लागोपाठ दोन वर्षं 3-2 ने हरला. दोन्ही वेळा त्याच्या तोंडावर साधा ओरखडा नव्हता. त्याला ठोसा लागतच नाही म्हणा ना. पण बघणारे लोक "पळतोय, पळतोय" म्हणून ओरडतात. त्याचे मामा सोबत असतात, तेही खालून "भिड ना रे" करतात. प्रशिक्षक म्हणतात, हा खेळ सोड, पुढे जाऊन मार, नाहीतर मेडल नाही आणि मेडल नाही तर नोकरीही नाही. हे सगळं त्याच्या मनाला फार लागलंय. रात्री मोबाईलवर शकूर स्टीव्हन्सन नावाच्या अमेरिकन बॉक्सरच्या लढती बघत बसतो आणि मला विचारतो, "आई, हा पण माझ्यासारखाच खेळतो, मग हा कसा जिंकतो?"

मी अंगणवाडीत काम करते, मला यातलं काही कळत नाही. खरं सांगते, तो मार खात नाही याचा मला आनंदच होतो. लहान होता तेव्हा रोज निघताना मी त्याला म्हणायची, "लागू देऊ नको रे बाबा." माझ्यामुळेच तो असा झाला का? आता एका माणसाने त्याला प्रोफेशनल फाईटसाठी पैसे देऊ केलेत. काय करावं सुचत नाही. त्याच्या दोन बाऊटचे, म्हणजे लढतींचे, व्हिडिओ सोबत पाठवते.

विदर्भातील एक आई

ताई,

दोन्ही व्हिडिओ पाहिले, काही जागा थांबवून थांबवून पाहिल्या. सर्वात आधी तुमच्या मनावरचं ओझं उतरवतो. तुमचा मुलगा घाबरून खेळत नाही. घाबरलेला मुलगा रिंगमध्ये लगेच ओळखू येतो. ठोसा निघायच्या आधीच तो मागे सरकलेला असतो, ठोसा आला की डोळे मिटतो, मान फिरवतो आणि दोन्ही हातांत तोंड लपवतो. तुमचा मुलगा यातलं काहीच करत नाही. तो समोरच्याच्या हाताच्या टप्प्यात उभा राहतो, हनुवटी खांद्याआड ठेवतो, आणि ठोसा जवळजवळ पोहोचला की डोकं फक्त चार बोटं बाजूला नेतो. डोळे उघडे असतात. असं उभं राहायला छाती लागते. अनेक वर्षं मुलांना शिकवून आणि स्पर्धांत पंच म्हणून बसून सांगतो, ही नजर शिकवून येत नाही. फार थोड्या मुलांकडे असते.

तरीही तो दोन्ही बाऊट हरला, आणि व्हिडिओ पाहिल्यावर मला त्या निकालांत अन्याय दिसला नाही. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, पण मुलाच्या भल्याचं उत्तर याच गोष्टीत आहे.

दुसऱ्या व्हिडिओतला दुसरा राउंड काढा. निळ्या कोपऱ्यातला मुलगा जॅब टाकतो, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा. तुमचा मुलगा स्लिप मारतो, म्हणजे डोकं बाजूला नेऊन ठोसा चुकवतो, ग्लोव्ह त्याच्या कानाजवळून निघून जातो. मागोमाग उजवा क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, येतो, तोही खांद्यावरून सरकतो. आता समोरच्याचा सगळा तोल पुढच्या पायावर गेलाय, उजवा हात लांब गेलाय, बरगडीपासून कमरेपर्यंतची बाजू उघडी पडली आहे. अर्धा सेकंद तो मुलगा अक्षरशः तुमच्या मुलाच्या हातात आहे. आणि तुमचा मुलगा काय करतो? दोन पावलं सरळ मागे जातो, हात खाली सोडतो आणि मान हलवून "नाही लागला" असं दाखवतो. तेवढ्यात निळा सावरतो आणि पुन्हा चालून येतो. त्या एका राउंडमध्ये हे पुन्हा पुन्हा घडलंय.

आता रिंगच्या कडेला बसलेल्या पाच पंचांच्या जागी बसा. त्यांच्यापुढे प्रश्न असतो की या तीन मिनिटांत कोण वरचढ होता. नियमाप्रमाणे ते पाहतात की जोरकस आणि स्वच्छ ठोसे कोणाचे जास्त लागले, तंत्राने आणि डावपेचाने बाऊटवर पकड कोणाची होती, आणि जिंकायची ईर्षा कोणी दाखवली. राउंड जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9 किंवा त्याहून कमी. गुण धरायचा तर ठोसा मुठीच्या पुढच्या भागाने, डोक्याच्या समोर वा बाजूला किंवा कमरेच्या पट्ट्याच्या वर अंगाला, गार्डमध्ये (बचावासाठी वर धरलेल्या हातांत) न अडकता, वजनासह लागला पाहिजे. चुकवलेल्या ठोशाला गुण नाही. तुमच्या मुलाच्या त्या राउंडमध्ये एकाने मारलं आणि दुसरा निघून गेला, एवढंच पंचांना दिसलं. त्यातले काही ठोसे गार्डवर आपटले. पाठ दोरांना लागलेली असताना गार्डवर आपटलेल्या ठोशाचाही आवाज मोठा होतो, आणि पलीकडच्या बाजूला बसलेल्या पंचाला तो नेमका कुठे लागला हे प्रत्येक वेळी दिसतंच असं नाही. अशा तीन मिनिटांत तीन पंच निळ्याकडे आणि दोन तुमच्या मुलाकडे जाणं अगदी स्वाभाविक आहे.

तुमच्याकडे कबड्डी घराघरात माहीत आहे म्हणून त्यातलंच सांगतो. चढाईला गेलेला गडी सातही जणांच्या हातून निसटला, कोणाला सापडला नाही आणि कोणाला हात न लावता परत आला, तर लोक टाळ्या वाजवतील, पण गुणफलक हलत नाही. ती रिकामी चढाई. तुमचा मुलगा रिंगमध्ये रिकाम्या चढाया करतोय. चपळाई शंभर नंबरी आहे, फक्त हात लावून यायचं राहतंय.

प्रशिक्षकांचं म्हणणं म्हणूनच अर्धं बरोबर आहे. तो मारत कमी आहे, हे खरं. पण उपाय म्हणून त्याची शैलीच मोडायची, गार्ड वर करून तोंड पुढे घालून त्याला भिडायला लावायचं, हे मला मुळीच पटत नाही. त्याची उंची बेताची आहे आणि ठोशात फार वजन नाही. भिडणाऱ्या मुलांच्या खेळात तो त्यांच्यापेक्षा कमीच ठरेल आणि जे त्याचं स्वतःचं आहे तेही जाईल.

आता त्याचा प्रश्न, शकूर स्टीव्हन्सन कसा जिंकतो. मुलाने माणूस अगदी योग्य निवडला आहे, फक्त त्याच्या सगळ्या लढती बघायला सांगा. स्टीव्हन्सन न्यूअर्कचा, न्यू जर्सी राज्यातला. पाच वर्षांचा असल्यापासून आजोबांनी त्याला शिकवलं. तोही डावखुराच. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये, 19 वर्षांचा असताना, तो अंतिम फेरीत क्यूबाच्या रोबेइसी रामिरेझकडून 2-1 अशा विभागलेल्या निकालाने हरला. रौप्यपदक मिळालं तरी तो पत्रकारांसमोर ढसाढसा रडला. तुमच्या मुलाला हे सांगा, त्याला बरं वाटेल. पुढच्या तीन वर्षांत, 2019 मध्ये, तो फेदरवेट वजनगटाचा जगज्जेता झाला.

पण "पळतोय" हे त्यालाही ऐकावं लागलं. जून 2021 मध्ये लास व्हेगासला नामिबियाच्या जेरेमिया नाकाथिलाविरुद्ध त्याने प्रत्येक राउंड जिंकला, तरी लोकांनी हुर्यो उडवली, कारण तो पुढे जाऊन काही करायलाच तयार नव्हता. आपला खेळ मनासारखा झाला नाही, असं त्याने स्वतःही सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अटलांटात त्याची लढत जमेल हेरिंगशी झाली. ही लढत तुमच्या मुलाने पहिल्या घंटेपासून बघावी. डोकं तसंच हलतं, पाय तसेच हलतात, हेरिंगला तो सापडत नाही. फरक एवढाच की स्टीव्हन्सन अर्धं पाऊल पुढे उभा आहे. त्या अर्ध्या पावलामुळे ठोसा चुकवला की त्याचा स्वतःचा हात पोहोचतो. हेरिंगच्या डोळ्यावर जखम झाली आणि दहाव्या राउंडमध्ये रेफरीने लढत थांबवली. चार महिन्यांत माणसाची शैली बदलत नसते. त्याने फक्त उभं राहायची जागा बदलली.

तो पुन्हा मागे गेला तेव्हा काय झालं, तेही बघण्यासारखं आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये एडविन दे लोस सांतोसविरुद्ध त्याने लाइटवेट वजनगटाचा किताब जिंकला, पण 12 राउंडमध्ये दोघांचे मिळून जेमतेम शंभरेक ठोसे लागले. ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्सच्या नोंदीत 12 राउंडच्या लढतीत इतके कमी कधी लागले नव्हते. पुढच्या वर्षी जुलैमध्ये तो स्वतःच्या गावात, न्यूअर्कला, जिंकत असताना लोक लढत संपायच्या आधी उठून गेले. आणि मग जुलै 2025 मध्ये न्यूयॉर्कला विल्यम झेपेदा समोर आला. मेक्सिकोचा, तोवर एकही लढत न हरलेला, यंत्रासारखे ठोसे मारत सुटणारा. बहुतेकांना वाटलं स्टीव्हन्सन रिंगभर फिरेल. तो फिरला नाही. दोरांजवळ, हाताच्या अंतरावर उभं राहून त्याने झेपेदाचे ठोसे खांद्यावर घेतले, कोपरावर घेतले, डोक्यावरून जाऊ दिले, आणि प्रत्येक वेळी मध्ये घुसून अंगाला आणि तोंडाला मारलं. दोन पंचांनी 118-110, तिसऱ्याने 119-109 दिले. माझ्या मते बचावाचा खेळ कसा असावा हे दाखवणारी ही त्याची सर्वात चांगली लढत आहे. यातही ठोसे चुकवले आहेतच, पण एकही चुकवणं वाया जात नाही.

एक मोठा फरक मात्र त्याला नीट समजावून सांगायला हवा, कारण मोबाईलवर तो दिसत नाही. स्टीव्हन्सनकडे 12 राउंड असतात, म्हणजे 36 मिनिटं. पहिले दोन राउंड समोरच्याचा अंदाज घेण्यात घालवले तरी दहा उरतात. तुमच्या मुलाकडे तीन राउंड आहेत, नऊ मिनिटं. पहिला राउंड अंदाजात गेला तर एक तृतीयांश बाऊट गेली. दोन्ही व्हिडिओंत हेच झालंय. पहिला राउंड तो हातचा सोडतो, दुसऱ्यात बरोबरी करतो, तिसरा स्वच्छ जिंकतो, आणि तोवर तीन पंचांच्या कागदावर उशीर झालेला असतो. 3-2 हा आकडा तिथून येतो.

इथे थोडं मागचंही सांगावंसं वाटतं, कारण आपल्याकडचे जुनेजाणते लोक मुलांना जुन्या नियमांच्या हिशेबाने सल्ला देतात. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्स ज्युनिअरने कोरियाच्या पार्क सी-हुनला अख्खी लढत मारलं आणि सुवर्ण मात्र पार्कला दिलं गेलं. जगभर बोंब झाली. त्यानंतर 1992 पासून ऑलिंपिकमध्ये संगणकावर गुण मोजायची पद्धत आली. पाचपैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण. त्या काळात दोन-तीन गुण घेऊन मग निसटत राहणं चालून जायचं. 2013 मध्ये ती पद्धत गेली आणि राउंडनिहाय 10 गुणांची आली. आता पंच पूर्ण राउंडचा एकत्रित विचार करतो. गुण घेतले आणि मग पळत राहिलो हे आता महागात पडतं. उलट दोन्ही हातांत तोंड लपवून नुसतं बसून राहणं, पाठ फिरवणं, डोकं कमरेच्या पट्ट्याखाली नेणं, हे फाऊल धरतात. पहिल्या व्हिडिओत त्याला रेफरीने एकदा खाली वाकण्याबद्दल टोकलं आहे, ते याचसाठी.

मग आता करायचं काय? हे प्रशिक्षकांशी बोलायचं आहे, तेव्हा पत्राचा हा भाग त्यांनाच वाचायला द्या. मी त्यांच्या जागी असतो तर प्रशिक्षकाने हातात धरलेल्या पॅडवरचा सराव एका अटीवर घेतला असता की स्लिपवर कुठलाही सराव संपायचा नाही. पॅडने जॅब आला, त्याने स्लिप मारली, की त्याच क्षणी डावा हात अंगाला गेलाच पाहिजे. डावखुऱ्याचा डावा सरळ ठोसा उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या यकृताच्या बाजूला जातो. तिथे नीट लागला की समोरच्याचा पुढच्या वेळी चालून यायचा उत्साह निम्मा होतो. आधी फक्त हा एकच काउंटर (चुकवून लगेच दिलेला उलट ठोसा), तो अंगवळणी पडेपर्यंत. मग त्याला जोडून वर उजवा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा. मारून झालं की सरळ मागे जायचं नाही, उजवा पाय समोरच्याच्या डाव्या पायाच्या बाहेर ठेवून बाजूला निघायचं. सरळ मागे गेला की पाठीला दोर लागतात, आणि दोरांजवळचा प्रत्येक आवाज त्याच्या विरोधात मोजला जातो.

दुसरं, उजव्या हाताचा जॅब. सध्या तो उजवा हात पुढे धरून नुसता चाचपडतो. त्या हाताने टोचायला हवं. पहिल्या राउंडची घंटा झाल्यावर पहिला लागलेला ठोसा त्याचा असायला हवा, हलका असला तरी चालेल. राउंड संपताना शेवटचा ठोसाही त्याचाच. आणि ते मान हलवणं आजपासून बंद. त्याला वाटतं आपण पंचांना सांगतोय की लागला नाही. पंचाला एवढंच कळतं की हा मुलगा खेळ सोडून काहीतरी दाखवतोय.

आपल्या देशातलं उदाहरण हवं असेल तर अमित पंघालच्या बाऊट दाखवा. रोहतक जिल्ह्यातला, सैन्यात महार रेजिमेंटचा, तोही डावखुरा आणि वजनगटातल्या बहुतेकांपेक्षा बुटका. उझबेकिस्तानचा हसनबॉय दुस्मातोव्ह, रिओचा सुवर्णपदकविजेता, त्याला 2017 मध्ये दोनदा भारी पडला होता. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत पंघालने त्यालाच 3-2 ने हरवलं. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवणारा तो पहिला भारतीय पुरुष बॉक्सर ठरला. तो आत जातो, मारतो आणि समोरच्याचं उत्तर यायच्या आत निघालेला असतो. त्याचं निघून जाणं नेहमी मारून झाल्यावरचं असतं. तुमच्या मुलाने त्यातलं हेच टिपायचं आहे. बाकीचं त्याला आधीच येतं.

आता तुमचा प्रश्न. "माझ्यामुळेच तो असा झाला का?"

ताई, असेलही. रोज ऐकलेलं वाक्य मुलाच्या अंगात भिनतं. पण असं झालं असेल तर तुम्ही त्याला फार मोठी गोष्ट दिली आहे, असंच मी म्हणेन. का ते सांगतो. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या एकाच संघात दोन मुलं होती, दोघांनीही सुवर्ण मिळवलं. एक मेल्ड्रिक टेलर, तेव्हा अवघा 17 वर्षांचा. दुसरा पर्नेल व्हिटेकर, डावखुरा, माझ्या मते बचावाच्या खेळातला त्याच्या काळातला सर्वात मोठा कलावंत. दोघेही पुढे मेक्सिकोच्या हुलिओ सेझार चावेझशी लढले, जो तेव्हा कोणाकडूनच हरला नव्हता. 17 मार्च 1990 ला टेलर लढला. त्याचे हात विजेसारखे होते, तीनपैकी दोन पंचांच्या कागदावर तो चांगलाच पुढे होता, पण तो उभा राहून भिडत राहिला आणि चावेझचे जड ठोसे खात राहिला. शेवटच्या राउंडमध्ये तो पडला, उठला आणि घंटेला दोन सेकंद उरले असताना रेफरीने लढत थांबवली. तिथून त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. पुढच्या काळात त्याचं बोलणं अडखळू लागलं, शब्द कळेनासे झाले. त्या रात्री तो 23 वर्षांचा होता.

व्हिटेकर चावेझशी 10 सप्टेंबर 1993 ला सॅन अँटोनिओत लढला, चावेझच्या बाजूने ओरडणाऱ्या 60 हजारांच्या आसपास लोकांसमोर. चावेझला तो सापडला नाही, पण त्याने नुसतं चुकवलं नाही, जवळ उभं राहून अंगावर मारलं. दोन पंचांनी बरोबरी दिली आणि एकाने व्हिटेकरला 115-113. म्हणजे कागदावर बरोबरी. जवळजवळ सगळ्या जाणकारांनी तो निकाल चुकीचा म्हटलं, आजही म्हणतात. व्हिटेकरचा विजय हिरावला गेला, यात मला शंका नाही. पण तो रिंगमधून शाबूत बाहेर आला आणि त्यानंतर पुन्हा मोठ्या लढती जिंकला. निकालाचा अन्याय पुढच्या लढतीत भरून निघू शकतो. डोक्याला झालेली इजा भरून निघत नाही. ठोसे खाऊन मेंदू कायमचा बिघडतो हे 1928 पासून वैद्यकीय नियतकालिकांत लिहिलं जातंय. मुलगा मार खात नाही म्हणून तुम्हाला होणारा आनंद अजिबात लपवू नका. फक्त घरातून निघताना त्याला म्हणायचं वाक्य थोडं वाढवा: "लागू देऊ नको, आणि चुकवलास की लगेच मार." आईच्या तोंडून हे आलं तर त्याच्या मनातला तुमच्या काळजीचा अडसर दूर होईल. आत्ता त्याला कदाचित वाटत असेल की पुढे गेलो तर आईला त्रास होतो.

सरावाबद्दल एक काळजी तुम्ही नक्की घ्या, इथे तुम्हाला बॉक्सिंग कळायची गरज नाही. बॉक्सरच्या डोक्याला बसणाऱ्या ठोशांपैकी बरेचसे स्पर्धेत बसत नाहीत, रोजच्या स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतींत, बसतात. "त्याची भीती मोडू" म्हणून त्याला जड वजनाच्या मुलांसमोर जोरात स्पारिंगला उभं केलं जात असेल, तर ते थांबवायला सांगा. नुसत्या जॅबचं स्पारिंग, नुसतं अंगावरचं स्पारिंग, ठरवून हलकं स्पारिंग, यातून त्याला हवं ते सगळं शिकता येतं. पूर्ण जोराचं स्पारिंग क्वचित, स्पर्धेच्या आधी, आपल्याच वजनाच्या मुलाशी आणि हेडगार्ड घालून. एखाद्या दिवशी डोकं दुखतंय, मळमळतंय, उजेड सहन होत नाही असं म्हणाला तर त्या आठवड्यात व्यायामशाळा बंद आणि आधी डॉक्टर.

मामांना माझा निरोप द्या. ते प्रेमाने ओरडतात, मला माहीत आहे. पण मुलगा कोपऱ्यातल्या प्रशिक्षकांचं ऐकेल की मामांचं? "भिड" ऐकून तो दोन वेळा खरंच भिडला आहे, पहिल्या व्हिडिओच्या तिसऱ्या राउंडमध्ये, आणि त्या बाऊटमधले त्याला लागलेले दोनच जड ठोसे तेव्हाच लागले आहेत. मामांना ओरडायचंच असेल तर त्याने स्लिप मारली की "आता!" एवढंच ओरडावं. तेवढं उपयोगी पडेल.

नोकरीचं म्हणाल तर प्रशिक्षकांची काळजी रास्त आहे. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण कोणत्या स्पर्धेतली कोणती कामगिरी कोणत्या पदाला चालते हे शासन निर्णयात ठरलेलं असतं आणि ते बदलतं. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन चालू निर्णयाची प्रत मागा. आत्तापर्यंतची सगळी प्रमाणपत्रं एका फाईलमध्ये लावा, पडताळणी वेळेत करून घ्या. बारावीनंतरचं शिक्षण मात्र कुठल्याही परिस्थितीत सुटू देऊ नका. विद्यापीठ स्पर्धा हा त्याच्या वयाच्या मुलासाठी फार चांगला रस्ता आहे, आणि त्यासाठी कॉलेजात नाव असावं लागतं.

राहिला तो पैसे देऊ करणारा माणूस. त्याला नाही म्हणा. कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या लढतीत बाहेरगावचा कोवळा मुलगा बहुतेक वेळा एकाच कामासाठी बोलावला जातो, स्थानिक मुलाच्या नावावर एक विजय लागावा म्हणून. तुमच्या मुलाच्या वजनाला प्रोफेशनल लढतीत 8 औंसाचे ग्लोव्ह असतात, आता तो 10 औंसाचे घालतो, आणि हेडगार्ड नसतो. शिवाय त्याचा खेळ अजून अर्धा तयार आहे. चुकवतो, पण वसूल करत नाही. असा मुलगा तिथे जिंकला तरी त्याला कोणी पुन्हा बोलावणार नाही आणि हरला तर ती हार कायम त्याच्या नावावर राहील. पुन्हा फोन आला तर सांगा की राज्य संघटनेला लेखी विचारल्याशिवाय आम्ही कुठल्याही कागदावर सही करत नाही. एवढं ऐकून बरेच जण फोन ठेवतात. जो ठेवणार नाही त्याचा प्रस्ताव दोन वर्षांनी बघू.

पुढची राज्य स्पर्धा झाली की व्हिडिओ पाठवा, निकाल काहीही लागला तरी. शक्य झालं तर मोबाईल रिंगच्या कोपऱ्याजवळ धरायला सांगा. बाजूने काढलं की पायांची जागा दिसत नाही, आणि मला त्याचं ते अर्धं पाऊल बघायचं आहे.